समुद्राचा नंबर पाचवाच

सद्या, तुझी यादी चुकीची होती आणि अजूनही चुकीचीच आहे. माणूस गेला की त्याचं सगळंच बरोबर ठरवायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्या बाराव्याला नांदगावात मी ते दात आवळून ऐकून घेतलं. सदानंद म्हणे कधी कुणाला उलट बोलला नाही. सदानंदाने म्हणे कधी हट्ट केला नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहाचा कप हातात फिरवत होते. ह्या माणसाने समुद्राचं अपडेट पहिल्या नंबरावर टाकलं आणि त्यापायी वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लं, हे ह्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि तुला हाक काय मारू, ही दुसरी अडचण. कणकवलीला कॉलेजात होतो तेव्हापासून मी तुला 'मेल्या' म्हणत आले. आपल्याकडे आई मुलाला म्हणते, बायको नवऱ्याला म्हणते, बाजारात मासे विकणारी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणते. त्यात मरण कुणाला ऐकू येत नाही. त्या मंगळवारी सकाळी तुझ्या बायकोचा, सुषमाचा फोन आला, "फिलू बाय, हे गेले गो," आणि माझ्या तोंडात पहिला तोच शब्द आला. तो मी गिळला. तेव्हापासून तो बाहेर आलेला नाही, म्हणून मी तुला नुसतं सद्या म्हणतेय, आणि ते मला परक्यासारखं वाटतंय.

बाराव्याला तुझे मामा माझ्याशेजारी येऊन बसले. चांगला माणूस. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्हणजे तुमी दोगा नक्की करी काय होत्यात?"

मी सांगितलं, एक गेम आहे. सगळं जग ठोकळ्यांचं. माती खणायची, लाकूड तोडायचं, घर बांधायचं, शेत करायचं. वर्षा-दोन वर्षांनी कंपनी त्यात काहीतरी मोठं घालते, त्याला अपडेट म्हणतात. आमचं दोघांचं मिळून एक जग होतं, कॉलेजपासूनचं.

"आणि जिकता कोण?"

"कोण नाय."

"मगे संपता कधी?"

"संपणा नाय मामानू."

ते म्हणाले, "बरा आसा." तेवढ्यात मागून कुणीतरी बाई विचारत होती, ती किरिस्तांव कोण रे आणि. सुषमा चहा वाढता वाढता म्हणाली, "ती फिलू बाय. तेंच्या गेमातली." संपलं. एवढंच नाव आहे आपल्या नात्याला. पुढे दोन बाप्ये बोलत होते, एवढो मोठो झालो तरी पोरासारखो गेम खेळत बसायचो. माझ्या हातातला कप त्यांच्या अंगावर जायचा राहिला, तो केवळ तुझ्या आईकडे बघून.

आता यादीकडे येऊ.

तुझ्या स्टँडजवळच्या दुकानात मागच्या बाजूला, मोबाइल आणि लॅपटॉप उघडून ठेवायचास त्या टेबलाच्या वर, प्लायवूडची भिंत आहे. पलीकडे सुषमाचं झेरॉक्स मशीन. त्या प्लायवर मार्करने दोन याद्या. डावीकडे तुझी, उजवीकडे माझी. तुझी अशी: समुद्र, गुहा, पाताळ, गावं, भूक. माझी: भूक, गावं, गुहा, पाताळ, समुद्र. बाकीची लहानसहान अपडेटं, घोडे आले, मधमाश्या आल्या, ती आपण खाली बारीक अक्षरांत लिहिली होती, त्यांच्यावरून कधी भांडण झालं नाही. भांडण ह्या पाचांवरून.

तू नांदगावचा. हायवे आणि रेल्वे बघत वाढलेला. आचऱ्याला आमच्याकडे आलास की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटेत उभा राहायचास, त्याच्या पुढे एक पाऊल नाही. आणि गेममध्ये समुद्राचं अपडेट आलं तर तू चार महिने पाण्याबाहेर निघाला नाहीस. पाण्याखाली काचेचं घर बांधलंस. पोवळी, कासवं, डॉल्फिन. मी म्हटलं, ह्यात बांगडा कुठे आहे? वारा कुठे आहे? माझ्या घरामागे समुद्र आहे सद्या, मला विचार. त्या समुद्राला वास नाही, त्यात जाळं फाटत नाही, कुणी वाट बघत किनाऱ्यावर उभं नाही. बांगडा नसलेला समुद्र पहिला कसा येईल?

तू म्हणालास, "तुका दारात मिळता, म्हणान तुका किंमत नाय."

आणि भूक तू पाचवी टाकलीस. त्यावरून मला अजूनही संताप येतो. अगदी सुरुवातीला त्या गेमातल्या माणसाला पोटच नव्हतं. कितीही चाला, कितीही खणा, काही लागायचं नाही. मग ते अपडेट आलं आणि त्याला भूक लागायला लागली. तेव्हा कुठे आपण शेताकडे नीट बघितलं, गहू राखायला लागलो, घरी परतायची वेळ ठरवायला लागलो. ज्याला भूक नाही त्याला घर हवं कशाला? हे मी तुला किती वेळा समजावलं. शाळेत आठवीच्या पोरांना समीकरणं इतक्या वेळा समजावत नाही. तुझं एकच, "भूक घराक आसाच गो. ती गेमात आणि कित्याक?"

खोटारडा. त्याच्याकडे येतेच मी.

गाऱ्हाण्याचं आधी सांगते. दर मोठ्या अपडेटला मी रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आचऱ्याहून एसटीने यायची. तू अंघोळ करून आलेला असायचास. कॉम्प्युटरवर बटण समोर, आणि तू हात जोडून उभा. देवळात घालतात तसं गाऱ्हाणं, आवाजही तोच. "बा देवा म्हाराजा. आज ही तुजी दोन लेकरा अपडेट करतत. जुनी घरा जाग्यार रवांदेत. पेटयेतली वस्तू पेटयेत रवांदे. लाइट जाव नये, वायरीक उंदीर लागाव नये. काय चूक झाली आसात तर पदरात घे रे म्हाराजा." आणि प्रत्येक वाक्याला मी म्हणायचं, होय म्हाराजा. पहिल्याच वेळी शेवटाला माझ्या तोंडून निघालं, "आमेन." लहानपणापासूनची जिभेची सवय, प्रार्थना संपली की तेच येणार. तू डोळे उघडून बघत राहिलास. मग म्हणालास, "चलात. दोन देव आसले तर बरा. एकाक झोप लागली तर दुसरो बगीत." तेव्हापासून कायदा झाला. शेवटचं होय म्हाराजा आणि आमेन झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

एकदाच मोडला आपण तो कायदा, पाताळाच्या अपडेटला. घाई झाली होती, मला परतीची गाडी पकडायची होती. मध्येच लाइट गेली आणि आपली दोन महिन्यांची मेहनत गेली. त्या दिवसापासून तू आपल्या जगाच्या तीन प्रती ठेवायला लागलास. एक दुकानात, एक नांदगावला तांदळाच्या डब्यात, एक माझ्याकडे आचऱ्याला. एका ठिकाणी काही झालं तर दुसरी आहे म्हणून. इतका सांभाळून वागणारा माणूस तू. खाणीत खाली दहातले सात बदाम उरले की माघारी फिरायचास. स्क्रीनवर लाल बदामांची ओळ असते, जीव किती उरलाय ते सांगणारी, आणि तू सातावर भ्यायचास. मी तीनावर पुढे जायची. "फिले, फाटी ये. जीव संपलो तर सामान परत गावाचा नाय," असं कानाशी ओरडायचास.

आणि तू पूर्वेची जमीन राखून ठेवलीस. ते मला तेव्हाही पटत नव्हतं. अपडेट आलं तरी ह्या गेममध्ये जिथे आपलं पाऊल पडलंय ती जमीन जुनीच राहते. नवीन झाडं, नवीन गुहा फक्त तिथे दिसतात जिथे आजवर कुणी गेलेलं नाही. म्हणून तू नदी ही शीव ठरवलीस. नदीच्या पलीकडे जायचं नाही. मी म्हणायची, एवढी वर्षं झाली, बघू तरी काय आहे. तू म्हणायचास, "रवांदे गो. पुढच्याक काय तरी व्हया." दर अपडेटला नदीच्या अलीकडची थोडीशी जमीन उघडायचास, गृहिणीने लोणच्याची बरणी उघडावी तशी, आणि पुन्हा बंद. बाकी सगळी पुढच्यासाठी.

कसल्या पुढच्यासाठी, सद्या?

आता शेवटच्या दोन रविवारांचं. नवीन अपडेट आलं होतं. मी आले, आणि ह्या वेळी मी अट घातली. भूक पाचव्यावरून निदान तिसऱ्यावर आण, तर मी होय म्हाराजा म्हणेन. तू हसलास. गाऱ्हाणं घातलंस, शेवटापर्यंत आलास, हात जोडून थांबलास. मी हाताची घडी घालून गप्प. "बोल गो," म्हणालास. मी म्हटलं, आधी मार्कर हातात घे. तू म्हणालास, ह्या जन्मात नाही. मी पर्स उचलली आणि एसटी पकडली. पुढच्या रविवारी परत तेच. त्या वेळी तू उभा राहून गाऱ्हाणं घातलं नाहीस, स्टुलावर बसून घातलंस. मध्ये दोनदा थांबलास. सोडा मागवलास. छातीवर हात चोळत होतास. मी विचारलं काय झालं. "काय नाय, पित्त." मी म्हटलं, वडे कमी खा. हे माझे शब्द, सद्या. मी भांडण जिंकण्याच्या नादात होते आणि मला तू दमलेला दिसलास तो हरत आलेला वाटलास. तिसऱ्या रविवारी माझ्याकडे पेपर तपासायचे होते, मी आलेच नाही. त्यानंतरच्या मंगळवारी तू गेलास.

हे एवढंच असतं तरी मी जन्मभर स्वतःला बोल लावत बसले असते. पण एवढंच नव्हतं.

बाराव्यानंतर आठवड्याने सुषमाने मला दुकानात बोलावलं. दुपारची वेळ. बाहेर स्टँडवर गाड्यांची नावं पुकारत होते. झेरॉक्स मशीनवर कापड टाकलेलं. तिने मला तुझ्या खुर्चीत बसायला लावलं, चिकटपट्टी लावलेल्या त्या खुर्चीत, आणि स्वतः स्टुलावर बसली.

"तुमका एक सांगूचा होता. बाराव्याक माणसा होती, म्हणान नाय सांगलंय."

महिन्याभरापूर्वी, आपल्या भांडणाच्या पहिल्या रविवारनंतर, डॉक्टरने तुला सांगितलं होतं. गोव्याला जा, तपासण्या कर, उशीर करू नको. चिठ्ठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी तू शर्टाच्या खिशात ठेवलीस आणि सुषमाला म्हणालास, फिलू हट्टाला पेटली आहे, ती येत्या आयतवारी होय म्हणेल, अपडेट झालं की जाऊ.

मला एकदम इतका राग आला की मी टेबलावर हात आपटला आणि तुझे सगळे बारके स्क्रू खाली सांडले.

तू मला सांगितलं नाहीस. एक वाक्य होतं. 'फिले, माका गोव्याक जावचा आसा, लवकर म्हण.' एवढंच म्हणायचं होतंस. मी शंभर वेळा होय म्हाराजा म्हटलं असतं. समुद्र पहिला लिहून दिला असता, माझ्या यादीत, माझ्या हाताने. खोटं लिहिलं असतं, पण लिहिलं असतं. तू आपला जीव माझ्या एका 'होय'ला बांधलास आणि दोरी माझ्या हातात आहे हे मलाच कळू दिलं नाहीस. हा कुठला न्याय? मरताना माणसं जबाबदारी वाटून जातात, तू ही माझ्या पदरात टाकून गेलास. खेळात सातावर भिणारा माणूस. तीन प्रती ठेवणारा माणूस. स्वतःची प्रत कुठल्या तांदळाच्या डब्यात ठेवली होतीस?

सुषमा खाली बसून स्क्रू वेचत होती. मी तिला म्हटलं, माझ्यामुळे झालं.

तिने वर बघितलं. तिचाही राग मी पहिल्यांदा तेव्हाच बघितला.

"तुमच्यामुळे कित्याक? गेल्या वर्षी दम लागाक लागलो, तेवा म्हणाले काजीचो हंगाम संपांदे. मगे म्हणाले गणपती होवंदेत. मगे तुमचा अपडेट इला. तुमी पयल्या आयतवारी होय म्हटला असता तर आणि कायतरी काढल्यानी असता. मी बायल तेंची, माझा आयकाक नाय, तुमचा खंय आयकतले होते?" मग स्क्रू बशीत टाकले आणि म्हणाली, "माका ठावक आसा हो माणूस. तुमी आपल्या अंगार घेव नको. तेंच्यार रागच करूचो आसात तर अर्दो तुमी घेवा, अर्दो माका व्हयो."

सद्या, ही बाई इतकी वर्षं त्या प्लायच्या पलीकडे होती आणि मी तिच्याशी झेरॉक्सच्या पलीकडे कधी बोलले नाही. त्याचाही राग तुझ्यावरच काढते.

ती म्हणाली, "आता ता पुरा करा. गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नसता. देवाक हाक मारून पाठ फिरवल्यासारखा होता."

मला करायचं नव्हतं. अपडेट केलं की त्या जगात तू न पाहिलेलं काहीतरी येणार, आणि मग ते आपलं राहणार नाही असं वाटत होतं. तसंच जुन्यावर ठेवावं, कुलूप लावून. पण तिने कॉम्प्युटर सुरू केलाच. आणि तू शेवटचा जिथे उभा होतास तिथे स्क्रीन उघडली.

नदीच्या काठावर. पूर्वेकडे तोंड करून.

मी तुझं सामान उघडून बघितलं. दोन खाटली. मशाली. एक होडी, त्या गेममधली होडी दोघांची असते. आणि पाव. चौसष्ट पाव. त्याहून जास्त एका खणात मावतच नाहीत. भूक पाचव्या नंबरावर टाकणारा माणूस, गेमात भूक कित्याक विचारणारा माणूस, चौसष्ट पाव भाजून, बांधून, माझ्या एका होयसाठी नदीकाठी उभा होता. वर दहाच्या दहा बदाम भरलेले. सुषमाने बोट ठेवून विचारलं, हे लाल काय? मी सांगितलं. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

मग मी उभी राहिले आणि हात जोडले. गाऱ्हाणं मी कधी घातलेलं नाही, मी नुसती ऐकणारी. तुझे शब्द आठवत आठवत म्हटलं. बा देवा म्हाराजा, जुनी घरा जाग्यार रवांदेत. पेटयेतली वस्तू पेटयेत रवांदे. सुरुवातीचं 'तुजी दोन लेकरा' मी मागे टाकलं होतं, शेवटी त्यावर आले आणि थांबले. तिथे काय म्हणायचं ते मला कळेना.

मागून सुषमा म्हणाली, "होय म्हाराजा."

इतकी वर्षं प्लायच्या पलीकडून ऐकून तिला सगळं पाठ होतं. राहिलेलं वाक्यही तिनेच पुरं केलं. मग थोडं थांबून म्हणाली, "आमेन तुमी म्हणा. ता माका येणा नाय."

मी आमेन म्हटलं आणि बटण दाबलं.

लाइट गेली नाही. नदीपलीकडे काय होतं ते मी तुला सांगणार नाही. बघायचं होतं तर गोव्याला जायचं होतंस. एवढंच सांगते की तू शब्द पाळला होतास, तिथे एकही खुणेची मशाल नव्हती, तू चोरून कधी गेला नव्हतास. होडीत पुढे मी होते. मागची जागा सुषमाला हवी आहे, तिला अजून गेममध्ये चालायला जमत नाही, झाडांवर आपटते. दर रविवारी मिस्सा झाली की मी येणार आहे.

निघताना मार्कर घेतला. तुझी यादी मी तशीच ठेवली आहे, चुकीची. माझ्या यादीत समुद्र पाचवा होता, तो चौथा केलाय, तू होडी घेतली होतीस म्हणून. त्याच्या वर एक घरही सरकवणार नाही. सरकवायचा असेल तर येऊन भांड, मेल्या.